ब्रेक लावण्याआधीचा एक सेकंद

डिसेंबर २०२३ मध्ये नागपुरात बोलताना नितीन गडकरींनी सांगितलं की विनाचालक गाड्या भारतात येऊ देणार नाही, कारण त्यांच्यामुळे लाखो ड्रायव्हरांचा रोजगार जाईल. २०१७ सालीही ते हेच म्हणाले होते. पुण्यातल्या आम्हा सॉफ्टवेअरवाल्यांच्या ग्रुपवर यावर भरपूर विनोद झाले. मला काही त्यात हसू आलं नाही. माझा मामेभाऊ तळोदा ते धडगाव काळी-पिवळी चालवतो आणि त्याचं घर त्या गाडीवर चालतं. पण रोजगाराच्या उत्तराने एक दुसरा प्रश्न विचारायचाच राहून गेला. उद्या सगळ्या ड्रायव्हरांना दुसरं काम मिळालं असं समजा. तरीही, अजून शिकत असलेलं यंत्र सार्वजनिक रस्त्यावर, ज्यांना कोणी काही विचारलेलं नाही अशा माणसांमध्ये, शिकायला सोडणं बरोबर आहे का?

या प्रश्नाचं सगळ्यात स्पष्ट उदाहरण अमेरिकेतलं आहे. १८ मार्च २०१८ च्या रात्री ॲरिझोनातल्या टेंपी शहरात एक बाई सायकल हातात धरून रस्ता ओलांडत होती. उबरची चाचणीवरची गाडी ताशी सुमारे ७० किलोमीटर वेगाने आली आणि ती बाई गेली. गाडीत बसलेली चाचणी-चालक मोबाइलवर कार्यक्रम बघत होती, एवढं बहुतेकांनी वाचलेलं असतं. मला महत्त्वाचा वाटतो तो पुढे तपास यंत्रणेने दिलेला सॉफ्टवेअरचा तपशील. रडारला ती बाई धडकेच्या ५.६ सेकंद आधी दिसली होती. त्या वेगाला हे अंतर शंभर मीटरहून जास्त होतं. म्हणजे यंत्र आंधळं नव्हतं. ते तिला कधी वाहन समजत होतं, कधी 'इतर', कधी सायकल. दर वेळी नाव बदललं की ती आतापर्यंत कुठून कुठे सरकली हा हिशेब पुसला जायचा आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू व्हायचा. झेब्रा क्रॉसिंग सोडून कोणी चालत रस्ता ओलांडेल, ही शक्यता त्या सॉफ्टवेअरमध्ये धरलेलीच नव्हती.

आणि धोका ओळखल्यानंतरही ब्रेकची कृती एक सेकंद रोखून धरायची, अशी त्यात मुद्दाम सोय केलेली होती.

हा एक सेकंद मला झोपू देत नाही, कारण तो कसा ठरतो हे मी रोजच्या कामातून ओळखतो. ओळखणाऱ्या प्रत्येक यंत्राच्या दोन प्रकारच्या चुका असतात. नसलेलं दिसणं आणि असलेलं न दिसणं. एक कमी करायला गेलात की बहुधा दुसरी वाढते. बँकेचं फसवणूक पकडणारं सॉफ्टवेअर असो की स्पॅम अडवणारं, कुठेतरी एक आकडा ठेवावा लागतो, की एवढी खात्री झाली तरच हालचाल कर. गाडी उडणाऱ्या प्लास्टिकच्या पिशवीला घाबरून कचकन ब्रेक मारायला लागली तर आतल्या माणसाची मान हिसकते, मागची गाडी येऊन आदळू शकते, कंपनीचं प्रात्यक्षिक फसतं. म्हणून आकडा थोडा वर सरकवतात, एक सेकंद थांबून बघतात. हे करणारा इंजिनिअर दुष्ट नसतो. पण नसलेलं दिसण्याचा त्रास मुख्यतः आत बसलेल्याला होतो, आणि असलेलं न दिसण्याची किंमत बाहेर चालणारा देतो. आकडा ठरवणाऱ्या बैठकीत आत बसलेल्याची बाजू मांडणारे बरेच असतात. बाहेरच्याला अशी बैठक आहे हेही माहीत नसतं.

आमच्या धंद्यात नवीन कोड आधी एक टक्का ग्राहकांना देऊन बघतात. बिघडलं तर मागे घेतात. त्या एक टक्क्याला कळवण्याची पद्धत नाही. बटणाचा रंग बदलायचा असतो तोवर यात वावगं काही नाही. रस्त्यावर मात्र तो एक टक्का म्हणजे हाडामांसाची माणसं असतात, आणि त्यांनी कुठलंही ॲप डाउनलोड केलेलं नसतं.

याला तुम्ही उत्तर द्याल, आणि ते वजनदार आहे. शिकाऊ माणसाला आपण 'एल'ची लाल पाटी लावून रस्त्यावर सोडतोच की. तेव्हा कोणाची परवानगी घेतो? आणि माणसं तरी काय चालवतात? २०२२ साली भारतात रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसं मेली. ऑक्टोबर २०२५ मध्ये अस्तंब्याच्या यात्रेहून परतणारी पिकअप आमच्या चांदशैली घाटात कोसळली, तिथे स्टिअरिंगवर माणूसच होता. यंत्र दारू पीत नाही, त्याला डुलकी लागत नाही. मग ते अर्धवट असतानाच रस्त्यावर आणून लवकर शिकवलं तर शेवटी जीव वाचतीलच ना?

कदाचित वाचतील. वेमोच्या गाड्या २०२५ च्या मध्यापर्यंत १० कोटी मैल ड्रायव्हरशिवाय चालल्या, आणि कंपनीने प्रसिद्ध केलेल्या तुलनेत त्यांच्याकडून माणसं जखमी होण्याचं प्रमाण कमी आहे. मी हे आकडे झटकून टाकत नाही. पण निधी कालरा आणि सुसान पॅडॉक यांनी २०१६ साली रँड संस्थेसाठी केलेलं गणितही शेजारी ठेवावं लागतं. मृत्यूंच्या बाबतीत यंत्र अमेरिकी ड्रायव्हरपेक्षा वाईट नाही, हे ९५ टक्के खात्रीने सांगायचं तर एकही मृत्यू न होता २७.५ कोटी मैल चालवून दाखवावं लागेल. शंभर गाड्या रात्रंदिवस ताशी २५ मैलांनी चालवल्या तर साडेबारा वर्षं. तोवर सॉफ्टवेअर कितीदा बदललेलं असेल, आणि बदललेल्या सॉफ्टवेअरला जुने मैल कितपत लागू होतात, हे कोणत्याही टेस्टरला विचारा.

शिवाय विश्वासार्हतेच्या पाठ्यपुस्तकी व्याख्येतच 'दिलेल्या परिस्थितीत' हे शब्द असतात. फिनिक्सची रुंद, कोरडी, पट्टे आखलेली सडक ही एक परिस्थिती. ऊसतोडीच्या दिवसांत शहाद्याच्या रस्त्यावर रात्री मागचा दिवा नसलेल्या दोन ट्रॉल्या ओढत जाणारा ट्रॅक्टर ही दुसरी. होळीआधीच्या भोंगऱ्या बाजाराला रस्ता हाच बाजार असतो. धडगाव-मोलगीकडे मी आजवर झेब्रा क्रॉसिंग पाहिलेलं नाही. टेंपीच्या त्या सॉफ्टवेअरच्या हिशेबाने तिथली सगळी वस्तीच रस्त्यावर असायला नको होती. हैदराबादच्या ट्रिपल आयटीने भारतीय रस्त्यांच्या चित्रांचा संग्रह केला, तेव्हा त्यांना रिक्षासाठी वेगळा वर्ग करावा लागला, आणि रस्ता नाही पण गाडी जाऊ शकते अशा कडेच्या मातीसाठीही. हे मला फार प्रामाणिक वाटतं. निदान कुठे काय ठाऊक नाही याला त्यांनी नाव दिलं.

मामेभावाला मी हे सगळं सांगितलं, तर त्याने एकच विचारलं, "दादा, वळणावर मी हॉर्न दिला तर तुझी गाडी उत्तर देईल का?" घाटात गाडी चालवणं म्हणजे बरंचसं बोलणं असतं. हॉर्न, डिपर, खिडकीतून बाहेर काढलेला हात, बकऱ्या हाकणाऱ्या पोराशी झालेली नजरानजर. 'एल'च्या पाटीचा फरकही मला इथेच दिसतो. शिकाऊ माणूस दरीला तितकाच घाबरतो जितका समोरचा. त्याची चूक त्याच्यापुरती असते, एकाच रात्री हजार गाड्यांत उतरत नाही. आणि चूक झाली तर कोणाच्या दारात जायचं ते ठाऊक असतं. टेंपीच्या प्रकरणात २०२३ मध्ये गुन्हा कबूल केला तो चाचणी-चालकाने. कंपनीवर खटला झाला नाही. सेकंद ठरवणारी बैठक कोणत्याच कोर्टात आली नाही.

गडकरींच्या नकारामुळे आपण यातून सुटलो, असंही नाही. २०२१ मध्ये चाकणला बनू लागलेल्या एक्सयूव्ही७०० सारख्या गाड्यांत लेन सांभाळणारी, स्वतः ब्रेक लावणारी यंत्रणा मिळते. तिचा फायदा आहेच, आणि जबाबदारी चालकाची असं कंपन्या स्पष्ट सांगतात. तरी २०२२ मध्ये स्टिअरिंग सोडून, पाय वर घेऊन बसलेल्यांचे व्हिडिओ फिरले. ही चाचणीच झाली, फक्त तिची कुठे नोंद नाही. कॅलिफोर्नियात चाचणीच्या गाडीला धक्का लागला तरी कंपनीला सरकारकडे अहवाल द्यावा लागतो. २०२३ मध्ये क्रूझचा परवाना गेला, त्यात अपघाताची माहिती नीट दिली नाही हा ठपकाही होता.

नियम मागाहून येतात ही तक्रार नंदुरबारच्या माणसाला नवी नाही. देशातलं पहिलं आधार २९ सप्टेंबर २०१० रोजी शहादा तालुक्यातल्या तेंभलीत दिलं गेलं. आधारचा कायदा आला २०१६ साली. अधल्या वर्षांत कोट्यवधी लोकांच्या बोटांचे ठसे घेऊन झाले होते. आधार वाईट की चांगलं हा वाद इथे नको. पण आधी यंत्र, मग कायदा, हा क्रम रस्त्यावर परवडणारा नाही.

म्हणून माझी मागणी बंदीची नाही. पिथमपूरला नॅट्रॅक्स आहे, पुण्यात एआरएआय आहे, बंदिस्त ट्रॅकवर हवं तेवढं शिका. बाहेर यायचं असेल तर कोणत्या रस्त्यावर, कोणत्या महिन्यात, ते आधी जाहीर करा. ब्रेकआधी किती थांबायचं हा आकडा छापा, आणि त्याखाली सही करणाऱ्याचं नाव. आमच्या जिल्ह्याचा मोठा भाग पाचव्या अनुसूचीत येतो, पेसा कायद्याने तिथे ग्रामसभेला काही बाबतींत विचारावं लागतं. त्या यादीत ही बाब नाही, मला माहीत आहे. पण मोलगीच्या ग्रामसभेत तो एक सेकंद कोणी तरी उभं राहून समजावून सांगावा, आणि मग लोक काय विचारतात ते ऐकायला मी सुट्टी काढून जाईन.