पिंजऱ्यातील घरटे

गुलाबी तोंडाच्या लव्हबर्डच्या पिंजऱ्यात कागदाचा तुकडा घातला, की मादी चोचीने त्याच्या लांबट, सारख्या रुंदीच्या पट्ट्या कातरते आणि त्या एकेक करून पाठीमागच्या पिसांत खोचते. तो थाट पाहून घरातील मुले हसतात. मोठ्यांनाही तो खेळच वाटतो. परंतु पक्ष्याच्या दृष्टीने तो खेळ आहे काय?

या जातीचे मूळ घर नैर्ऋत्य आफ्रिकेच्या कोरड्या प्रदेशात आहे. तेथे मादी सालीचे व पानांचे तुकडे असेच पिसांत खोचून खडकाच्या कपारीत नेते. फिशर जातीचा लव्हबर्ड मात्र ते चोचीत धरून नेतो. विल्यम डिल्गर या अमेरिकन शास्त्रज्ञाने या दोन जातींचा संकर करून आपली निरीक्षणे १९६२ मध्ये प्रसिद्ध केली. संकरित पक्षी पट्ट्या पिसांत खोचू पाहत, पण त्या गळून पडत. चोचीतून नेण्यास शिकायला त्यांना वर्षे लागली; तरीही खोचण्याचा आविर्भाव पुरता सुटला नाही. ज्याला आपण खेळ म्हणतो, ते निर्माणकर्त्याने त्या जीवाच्या रक्तात घातलेले काम आहे.

मग अशा जीवावर आपला अधिकार किती? उत्पत्तीच्या पहिल्या अध्यायात मानवाला पाखरांवर सत्ता मिळाली, हे आपण आवर्जून सांगतो. अनुवादाच्या बाविसाव्या अध्यायातील एक लहानसा नियम मात्र विसरतो: वाटेत घरटे सापडल्यास पिले घेण्याची मुभा आहे, पण आईला सोडून दिले पाहिजे. म्हणजे सत्ता खरी, पण तिला देवानेच मर्यादा घातली आहे.

कोणी म्हणेल, मग पिंजऱ्यात घरट्याची पेटी टांगावी. परंतु नर सोबत नसतानाही मादी पुन्हा पुन्हा निष्फळ अंडी घालू लागते. शरीरातील कॅल्शियम खर्च होते, आणि अंडे अडकून ती दगावूही शकते. दार उघडून तिला सोडून द्यावे, तर या परक्या मुलखात तिचा निभाव लागणे कठीण. तात्पर्य, मागेल ते देणे ही दया नव्हे, आणि सोडून देऊन आपण मोकळे होणे हीही दया नव्हे. नीतिमान मनुष्य आपल्या पशूच्या जिवाची काळजी घेतो, असे नीतिसूत्रांच्या बाराव्या अध्यायात म्हटले आहे. काळजी घेण्यासाठी आधी त्या जिवाची गरज ओळखावी लागते.

म्हणून खरा प्रश्न पक्षी विकत घेण्यापूर्वीच विचारावयास हवा. हा जीव दहा वर्षांहूनही अधिक जगू शकतो. त्याला सोबत, उडण्यास जागा, कुरतडण्यास फांद्या आणि रोजचा वेळ देण्याची आपली तयारी आहे काय? नसेल, तर त्याला घरी न आणणे हेच विश्वासू कारभाऱ्याला शोभेल. असेल, तर मुलांना त्या पट्ट्यांकडे पाहून जरूर हसू द्यावे. मात्र ती काय करीत आहे, हेही त्यांना समजावून सांगावे.