बेथेस्दा तळ्याकांठचा एकटा रोगी

वाचावयाचा भाग: योहान, अध्याय ५, वचनें १ ते ९

या भागांत ज्या मनुष्याची हकीकत आहे तो ३८ वर्षें दुखणाईत होता. त्याची अडचण कोणती होती हें नीट पाहा. उपाय दूर देशीं होता असें नाहीं. पाणी त्याच्या डोळ्यांसमोर होतें. पांच पडव्यांत माणसांची दाटी होती. परंतु पाणी हाललें कीं त्यास उचलून नेणारा कोणी नसे, आणि तो सरपटत जाई तों दुसरा पुढें होई. प्रभूनें विचारिलें तेव्हां त्यानें आपल्या रोगाचें वर्णन केलें नाहीं. आपणास माणूस नाहीं, एवढेंच त्याचें गाऱ्हाणें.

हें गाऱ्हाणें आपल्या परभणी जिल्ह्यांत नवें नाहीं. दिवाळी सरली कीं गंगाखेड, सोनपेठ, पालम, जिंतूर या भागांतील पुष्कळ कुटुंबें ऊसतोडीस निघतात. कोणाचा मुलगा पुण्यास असतो. मागें राहतात तीं म्हातारीं माणसें. आपल्या खेड्यांत वृद्धाश्रम क्वचितच. परंतु त्या महिन्यांत सारी वस्तीच वृद्धाश्रम होते, आणि त्याचा व्यवस्थापक मात्र कोणी नसतो.

इ. स. २०२१ सालचा करोना आठवा. १ मार्चपासून साठ वर्षांवरील सर्वांस लस खुली झाली. लस होती, केंद्र होतें. पण मोबाइल नाहीं, कागद सांपडत नाहीं, गुडघे चालत नाहींत, अशांनीं काय करावें? ही अडचण सरकारच्याही ध्यानांत आली. ६ मे रोजीं ओळखपत्र नसलेल्यांस लस देण्याचे नियम निघाले, आणि त्यांत वृद्धाश्रमांतील रहिवाशांचा स्पष्ट उल्लेख होता. त्याच महिन्याच्या अखेरीस वृद्ध व अपंग यांच्यासाठीं घराजवळ, म्हणजे पंचायतघरांत, शाळेंत किंवा वृद्धाश्रमांतच, केंद्रें उघडण्याची सूचना झाली. अंथरुणाला खिळलेल्यांच्या घरीं जाऊन लस टोचावी यासाठीं मुंबईच्या उच्च न्यायालयांत दाद मागावी लागली, तेव्हां जुलैअखेर मुंबईच्या एका विभागांत तसा आरंभ झाला. ‘हर घर दस्तक’ ही दारोदार जाण्याची देशव्यापी मोहीम निघाली ती नोव्हेंबरांत. मार्च ते नोव्हेंबर! मध्यें दुसऱ्या लाटेचे एप्रिल व मे गेले. त्या दोन महिन्यांत कोणाच्या घरून कोण गेलें, हें आपल्या मंडळ्यांस सांगावयास नको.

परिचारिका एकट्या आजीसाठीं का येत नव्हती, असें पुष्कळांनीं रागानें विचारिलें. कारण समजून घ्या. कोव्हिशील्डच्या एका कुपींत दहा जणांची लस असे. ती २ ते ८ अंश थंडाव्यांत ठेवावी लागे, आणि एकदां उघडली कीं चार तासांत संपवावी लागे. एकीसाठीं कुपी फोडली तर नऊ जणांची लस वायां जाई. म्हणजे जो कोणी वस्तींतील दहा म्हातारीं माणसें एका ओसरीवर बसवी, तो परिचारिकेच्या पायांस वाट करून देई. कफर्णहूमास पक्षाघाती मनुष्याची खाट उचलणारे चौघे होते. त्यांची नांवें शास्त्रांत नाहींत, पण त्यांनीं छप्पर उकललें हें लिहिलेलें आहे.

कोणी म्हणतात, आमचा देवावर भरंवसा आहे, सुई कशाला? मंदिराच्या शिखरावर उभ्या असलेल्या प्रभूला सैतानानें असाच भरंवसा दाखवावयास सांगितलें होतें, आणि प्रभूनें उडी घेतली नाहीं. आणि ज्या आजीबाई लसीस भितात त्यांनीं आपलाच दंड उघडून पाहावा. लहानपणीं देवी काढल्याचे वण बहुतेकींच्या दंडावर अजून आहेत. त्या वणांमुळेंच १९७५ नंतर भारतांत देवीचा रोग उरला नाहीं, व १९८० सालीं तो जगांतून गेल्याचें जाहीर झालें.

याहून वाईट बोलणें मुलांसुनांच्या तोंडचें आहे: आतां तिचे दिवस ते किती, खर्च कशाला? हन्ना संदेष्ट्री ८४ वर्षांची विधवा होती, आणि देवानें आपल्या पुत्राची वार्ता यरुशलेमेंत सांगावयास तिलाच राखून ठेविलें होतें.

करोनाची घाई सरली, पण गाऱ्हाणें सरलें नाहीं. इन्फ्लुएंझाची लस दरवर्षीं घ्यावी लागते, कारण तो विषाणू रूप पालटतो. न्यूमोनियाची लस निराळी आहे. वृद्धांस दोन्ही हितकर, परंतु सरकारच्या मोफत लसीकरणाचा कार्यक्रम मुख्यतः बालकांचा व गरोदर स्त्रियांचा आहे. म्हाताऱ्यांस या लसी बहुधा विकत घ्याव्या लागतात. लग्नाच्या मांडवास जो पैसा निघतो त्यांतील थोडा येथें निघावा, असें मला वाटतें. इ. स. २००७ च्या कायद्यानें सरकारी रुग्णालयांत साठ वर्षांवरील नागरिकांसाठीं वेगळी रांग असावी असें ठरविलें आहे. ती नम्रपणें मागावी.

उपदेशक बंधूंनो, येत्या रविवारीं उपासना झाल्यावर वस्तींतील साठीच्या वरच्यांची यादी करा, मग तीं आपल्या मंडळींतलीं असोत वा नसोत. ज्याचें घरीं कोणी नाहीं त्याच्या नांवापुढें खूण करा. यादी आशाताईंस व उपकेंद्राच्या परिचारिकेस द्या, आणि लसीकरणासाठीं प्रार्थनामंदिर उघडून देऊं असें सांगा. कोणती लस कोणास चालेल हें डॉक्टरांनीं ठरवावें. तें आपलें काम नव्हे. टोचल्यावर अर्धा तास त्यांच्याजवळ बसावें. रात्रीं ताप आला तर तो बहुधा एक-दोन दिवसांत उतरतो. त्या दोन दिवसांत भाकर व पाणी घेऊन कोणीतरी जावें, नाहींतर पुढच्या खेपेस ती आजी दार उघडणार नाहीं.