गीबत आणि गवाही

करमाळ्यासारख्या तालुक्याच्या गावी राहून कादंबरी लिहायची म्हणजे शेजाऱ्यापाजाऱ्यांच्या नजरेखाली लिहायची. मोठ्या शहरात लेखकाची पात्रे गर्दीत हरवतात. इथे तसे होत नाही. आम्ही नाव बदलतो, धंदा बदलतो, सायकलच्या दुकानाचे शिलाईचे दुकान करतो. तरी मोहल्ल्यातला पहिला वाचक पुस्तक मिटून म्हणतो, ‘ये तो फलाने की च बात है!’ म्हणूनच आम्हा मुस्लिम मराठी लेखकांपुढे प्रश्न उभा राहतो : कादंबरी म्हणजे छापलेली गीबत तर नव्हे?

हा प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नाही. कुरआनात, सूरह अल-हुजुरातमध्ये, पाठीमागे केलेल्या निंदेची तुलना मेलेल्या भावाचे मांस खाण्याशी केली आहे. पैगंबर साहेबांनी (स.) त्याचा खुलासाही केला : भावाविषयी त्याला न रुचणारे खरे बोललात तर ती गीबत, खोटे बोललात तर ते बोहतान, म्हणजे आळ. तेव्हा ‘आम्ही खरे तेच लिहिले’ हा लेखकाचा नेहमीचा बचाव इथे टिकत नाही.

त्यात भाषेची गुंतागुंत आहे. घरात आम्ही दखनी बोलतो आणि लिहितो मराठीत. एखादी खाला तलाकाची, सासरच्या माराची हकिकत सांगते ती दखनीत, आपल्या माणसाला. तीच मराठीत छापून आली की परक्यांपुढे जाते. तो वाचक तिच्यात एक बाई पाहीलच असे नाही. ‘त्यांच्यात असेच असते’ म्हणून मोकळा होतो. हमीद दलवाईंनी १९६५ साली ‘इंधन’मध्ये कोकणातल्या गावाचे ताण उघडपणे मांडले. आजही असे काही लिहिले की घरचे चव्हाट्यावर का मांडता, हा सवाल आपलेच लोक करतात.

मग गप्प बसावे काय? १९९० साली सोलापुरात पहिले मुस्लिम मराठी साहित्य संमेलन भरले ते आपले जगणे मराठीत आले पाहिजे याच तळमळीने. भीमेवरचे उजनी धरण १९८० साली पुरे झाले. करमाळा तालुक्यातली नदीकाठची गावे पाण्याखाली गेली. दप्तरात एकर आणि मोबदला राहिला. ओट्यावर कोण बसे, कोणाच्या घरी कोणाची ईद होई, हे फक्त माणसांच्या बोलण्यात उरले, आणि ती माणसेही एकेक करून चालली आहेत. गप्प राहणे ही दरवेळी अदब नसते. सूरह अन-निसामध्ये न्यायाची गवाही देण्याचा हुकूम आहे, मग ती स्वतःच्या, आईबापांच्या, नातलगांच्या विरोधात का जाईना. त्याच सूरहमध्ये असेही आहे की वाइटाचा उघड उच्चार अल्लाहला पसंत नाही, परंतु ज्याच्यावर जुलूम झाला त्याची गोष्ट वेगळी.

आमच्या मते वाट इथेच आहे. गीबत दुबळ्याला उघडे पाडते आणि सांगणाऱ्याची करमणूक करते. गवाही जालिमाला उघडे पाडते आणि तिची किंमत सांगणाऱ्याला मोजावी लागते. जे केवळ चवदार म्हणून लिहावेसे वाटते ते सोडून द्यावे. जुलूम लिहावा, पण पडदा टाकायचाच तर मार खाणारीवर टाकावा, मारणाऱ्याच्या इभ्रतीवर नव्हे. आणि त्या हुकुमात पहिले नाव स्वतःचे आहे, तेव्हा सुरुवात आपल्या उंबरठ्यापासून करावी.

तरीही एक गोष्ट उरते. उघड बोलण्याचा तो हक्क जुलूम सोसणारीचा आहे, लेखकाचा नाही. हदीसमध्ये येते की बोलता बोलता माणसाने मागे वळून पाहिले, तर ते बोलणे अमानत होते. आमच्या मोहल्ल्यातली बाईही बोलताना दाराकडे एक नजर टाकते. लेखकाने ती नजर ओळखावी आणि तिला विचारावे. ती ‘लिख’ म्हणाली तर हात आखडू नये. ‘नक्को’ म्हणाली तर प्रकरण वहीतच राहू द्यावे. प्रकरण दुसरे लिहिता येईल. त्या घरी पुन्हा चहाला बसता आले पाहिजे.