किल्ली कुणाकडे

श्रावण हा आमच्या घरात सणांचा महिना, वाडीत उपाशी राहण्याचा. दोन्हीकडचा श्रावण मी पाहिला आहे.

मी मूळचा मुरबाड तालुक्यातला. बापाची तीन एकर भातशेती. घरात पैसा नसला तरी कणगीत भात असायचा. १९८७ साली जिल्हा परिषदेच्या शाळेवर नेमणूक झाली ती शेजारच्या शहापूर तालुक्यात, डोळखांबच्या पलीकडे, डोंगराच्या पायथ्याला एका वाडीवर. तीसेक घरं, निम्मी कातकऱ्यांची, निम्मी ठाकरांची. वाडीचं नाव मुद्दाम लिहीत नाही. तिथली माणसं अजून आहेत, आणि पुढे जे सांगणार आहे त्यात माझी शोभा झाली तर होवो, त्यांची नको.

शाळेच्या पटावर ४० नावं. दिवाळी झाली, कापणी उरकली की त्यातली पंचवीस गायब. भिवंडी-कल्याणकडच्या वीटभट्ट्यांवर. बाप माती कालवतो, आई विटा थापते आणि माझ्या तिसरीतली पोर कच्च्या विटा वाळायला उलट्या करते. परत यायची ती पावसाच्या तोंडावर, शिकलेलं सगळं विसरून. मी वर अहवाल पाठवायचो, 'पालकांमध्ये शिक्षणाविषयी अनास्था आहे.' हे वाक्य मला कुणी शिकवलं नव्हतं. ते आपोआप यायचं.

ही अनास्था कुठून येते ते कळायला एक पावसाळा तिथे मुक्काम करावा लागला. आषाढ सरता सरता घरातली नाचणी-वरी संपते. लावणीची मजुरी संपलेली असते, भात पोटरीला यायला अवकाश असतो. पोरं ओढ्यात खेकडे धरतात. बाया टाकळा, कुर्डू, भारंगी आणतात. कडू करांद्यांच्या चकत्या राख घालून उकडायच्या, रात्रभर वाहत्या पाण्यात ठेवायच्या, तेव्हा कुठे सकाळी खाण्याजोग्या होतात. आणि नेमका त्याच दिवसांत भट्टीचा मुकादम येतो. पाऊस चुकेल, तो चुकत नाही. खिशातून नोटा काढतो, नवरा-बायकोच्या जोडीमागे बयाणा देतो. तो पोटात जातो आणि दिवाळीनंतर ट्रक दारात उभा राहतो. हंगामाच्या शेवटी हिशोब होतो, तेव्हा बहुतेकांकडे काहीतरी बाकी निघतेच. ती पुढच्या वर्षावर. वेठबिगारी १९७६ च्या कायद्याने बंद झाली, असं मी मुलांना नागरिकशास्त्रात शिकवत होतो.

एके रात्री मी कागदावर आकडे मांडले. एका घराला तो तीन महिन्यांचा खड्डा बुजवायला किती भात लागतो? तीन मण, फार तर चार. म्हणजे एवढ्या भातापायी सहा महिन्यांची मजुरी, पोरीची शाळा आणि भाव करण्याची ताकद असं सगळंच गहाण पडत होतं.

आमच्या भागात धान्याच्या कोठाराची गोष्ट नवी नाही. माथेरानचे वकील भाई कोतवाल यांनी स्वातंत्र्याच्या आधी कर्जत-नेरळ भागात शाळा काढल्या आणि सावकाराकडे जाणाऱ्या शेतकऱ्यासाठी धान्यकोठारं सुरू केली. पुढे बेचाळीसच्या लढ्यात त्यांनी मुंबईकडे वीज नेणारे मनोरे पाडले, म्हणून लोकांना ते आठवतात. २ जानेवारी १९४३ ला ते आणि हिराजी पाटील आमच्या मुरबाडच्या सिद्धगडावर गोळ्या लागून पडले. कोतवालांनी तेव्हा तिशी नुकती ओलांडली होती. दरवर्षी त्या दिवशी सिद्धगडावर लोक जमतात, भाषणं होतात. मनोऱ्यांवर बोलतात, कोठारांवर फारसं कुणी बोलत नाही. मला मात्र लहानपणापासून कोठारच जास्त धाडसाचं वाटत आलंय.

तर मीही काढलं. मित्रांकडून, नातेवाइकांकडून आणि थोडं आईच्या कणगीतून असं सहा क्विंटल भात जमवलं. शाळेमागच्या खोलीत ठेवलं, कुलूप लावलं, किल्ली माझ्या करदोट्याला. नियम असा, की श्रावणात मण नेला तर कापणीनंतर मण आणि वर चार पायल्या परत करायच्या. सोळा पायल्यांचा मण, म्हणजे सव्वाई झाली. सावकार दिढीने, दुपटीने घ्यायचा, त्यापुढे ही काहीच नव्हती. पण ती हवी होती, नाहीतर उंदीर आणि तूट यांतच कोठार संपलं असतं.

फुकट का दिलं नाही, असं मला कल्याणच्या एका स्नेह्याने विचारलं होतं. त्याला उत्तर म्हणून एक प्रसंग सांगतो. त्याच हिवाळ्यात शहरातून एक मंडळ घोंगड्या-भांडी वाटायला आलं. माणसं चांगली होती, थंडीही खरी होती, घोंगड्या उपयोगी पडल्या. नावं ठेवणार नाही. पण रांगेत उभी राहिलेली माणसं, जी माझ्याशी रोज तोंड भरून बोलायची, त्यांनी त्या दिवशी वर पाहिलं नाही. आणि कापणीनंतर एक कातकरी आजी कोठारात भात परत घालायला आली तेव्हा मी सवयीने पायलीवर हात फिरवून ती सपाट करायला गेलो, तर तिने माझं मनगटच धरलं. म्हणाली, "हात नको फिरवू मास्तर. शीग ऱ्हाऊ दे. मी काय भीक मागितली व्हती?" तिकडे सगळ्यांनाच 'अरे-तुरे' असते, देवालासुद्धा. मला ते ऐकायला आवडायचं.

एवढं झाल्यावर मला वाटलं, प्रश्न सुटला. दान माणसाला वाकवतं, उसनवारी उभं करते, असं मी दोन सभांमधून बोललोदेखील.

दुसऱ्या वर्षी एका घराने भात परत केलं नाही. नवऱ्याला सबंध पावसाळा हिवताप, जमीन नाही, दुसऱ्याच्या बांधावर चार मुठी वरी. आषाढात त्याची बायको पुन्हा आली. मी नियम सांगितला. मागचं फेडल्याशिवाय नवीन नाही. ती वाद घालत बसली नाही. मीच बोलत राहिलो, की असं सगळ्यांनी केलं तर कोठार बुडेल, आपल्या पायावर उभं राहायला शिकलं पाहिजे, वगैरे. ती ऐकून घेऊन गेली. तिसऱ्या दिवशी मुकादम तिच्या पडवीत बसला होता. दिवाळीनंतर ते घर गेलं आणि माझ्या चौथीतली, पाढे सगळ्यांत चोख म्हणणारी पोर गेली. ती पटावर पुन्हा कधी आली नाही.

माझं चुकलं का? आजही मी वकिलासारखा स्वतःची बाजू मांडू शकतो. नियम मोडला असता तर पुढल्या साली दहा घरांनी फेडलं नसतं, हे खरंच आहे. पण त्याच महिन्याच्या अखेरीस मी पगार घ्यायला गेलो. वर्गात पोरं पंधरा असोत की चाळीस, पगार तेवढाच. मी कुणाच्या पायावर उभा होतो?

हा प्रश्न मग मला सोडेना. 'स्वावलंबी' हा शब्द आपण ज्यांच्यासाठी वापरतो ती माणसं एकेकाळी तशीच होती. कातकरी हे नावच खैराच्या झाडापासून कात काढण्यावरून पडलं. इंग्रजांनी वनकायदे केले, १८७८ च्या कायद्याने जंगल राखीव होत गेलं, आणि ज्या झाडावर त्यांची भाकर होती त्या झाडाला हात लावणं गुन्हा ठरलं. रिकाम्या हातांना मग जमीनदाराचं शेत, कोळशाची भट्टी, शेवटी विटांची भट्टी. आणि दुसरीकडे पाहा. शहापूर तालुक्यात तानसाचं धरण १८९२ पासून उभं आहे, नंतर भातसाचं झालं. मुंबईला रोज लागणाऱ्या पाण्यातलं जवळजवळ निम्मं एकट्या भातसातून जातं. त्याच तालुक्यात चैत्र लागला की टँकर फिरतात, बाया हंडे घेऊन विहिरीच्या तळाशी उतरतात. मुंबई परावलंबी आहे, असं म्हणताना मी कुणाला ऐकलेलं नाही. तिला कुणी विचारत नाही की बाई, किती वर्षं दुसऱ्याचं पाणी पिणार?

पण मुंबईला बोल लावून मीही सुटत नव्हतो. वाडीपुरती मुंबई मीच होतो. भात वाडीचं, घाम वाडीचा, किल्ली माझ्याकडे.

त्या शीगवाल्या आजीनेच ते बोलून दाखवलं. "नियम तू केलास. कोण कसा पडला ते तुला काय ठावं? शनिवारी तू तुझ्या घरी जातोस." मी रागावलो. दोन दिवस तिच्याशी बोललो नाही. मग रविवारी घरी न जाता वाडीची बैठक बोलावली आणि किल्ली मधे ठेवून दिली.

मला वाटलं होतं ते दयाळू नियम करतील. आजाऱ्याला, विधवेला एक वर्षाची सवलत आणि वाढावा माफ, हे त्यांनी केलं. भात नसेल त्याने कोठाराचं छप्पर शाकारून फेडावं, हेही ठरवलं. पण जो माणूस उचललेलं भात दारूत घालतो हे सगळ्यांना माहीत होतं, त्याला भर बैठकीत, बायकोपोरांसमोर नाही म्हणाले. मी असतो तर भीड पडली असती. शेवटी भात त्याच्या बायकोच्या नावावर द्यायचं ठरलं. किल्ली दोन बायांकडे गेली. मी वही लिहायला उरलो.

यातून सोन्याचा धूर निघाला असं नाही. एके साली किल्लीवालीच्या मुलाने दोन पोती विकली आणि वाडीत दोन तट पडले. एके साली लष्करी अळीने सगळ्यांचंच भात खाल्लं. तरी ते कोठार अकरा वर्षं चाललं आणि त्या काळात बयाणा घेणारी घरं निम्म्यावर आली. उरलेली निम्मी जातच राहिली. कारण खड्डा नुसता श्रावणाचा नव्हता, जमिनीचा होता, आणि जमीन देणं माझ्या काय, वाडीच्याही हातात नव्हतं. २००६ चा वनहक्क कायदा आला तेव्हा त्यातल्या काहींनी दावे घातले, कागद गोळा करता करता वर्षं गेली, काहींना प्लॉट मिळाले. पुढे अन्न सुरक्षा कायद्याने तीन रुपये किलोने तांदूळ मिळू लागला. कोठाराची गरज तशी उरली नाही. तो तांदूळ लोकांना आळशी करतो, असं म्हणणारे माझ्याच पेन्शनरांच्या कट्ट्यावर भेटतात. मी पेन्शनची तारीख विचारून विषय बदलतो.

२०२० साली टाळेबंदीत भट्ट्या बंद पडल्या, माणसं चालत घरी आली. सरकारने खावटीचं कर्ज न देता अनुदान जाहीर केलं, कुटुंबाला ४,००० रुपये, निम्मे पैसे, निम्म्याच्या वस्तू. निम्म्याच्या वस्तू का, हे मला कळलं. उपाशी माणसाच्या हातात पैसा देताना देणाऱ्याचा हात अडखळतो. माझाही अडखळला होता. त्याच सुमारास शहापूरच्या कातकरी तरुणांनी, आदिवासी एकात्मिक सामाजिक संस्थेच्या मार्फत, जंगलातली गुळवेल गोळा करून मोठमोठ्या आयुर्वेदिक कंपन्यांना विकायला सुरुवात केली. शेकडो टनांची मागणी आली. ज्या जंगलातून पणजोबांना हाकललं, त्याच जंगलातली वेल. बातमी वाचून मी वर्तमानपत्र दोनदा घडी घालून ठेवलं. उद्या गुळवेलीचा भाव पडला तर काय, हाही विचार आला. मास्तरकी जात नाही.

गेल्या वर्षी शहापूरच्या एसटी स्टँडवर एका बाईने हाक मारली, "मास्तर!" ओळखलं नाही. मग तिने सतराचा पाढा अर्धा म्हणून दाखवला आणि हसली. तीच. हाताची बोटं विटा थापून चपटी झालेली. दोन्ही पोरं आश्रमशाळेत आहेत म्हणाली, भट्टी सोडून पाच वर्षं झाली. मी बरंच काही बोलायचं ठरवत होतो, तेवढ्यात तिनेच विचारलं, "आयनं त्या साली कोठीचं भात फेडलं व्हतं का रे? मरताना तिला त्याचाच घोर लागलेला."

वही माझ्या घरी ट्रंकेत आहे. त्या ओळीपुढचा रकाना कोराच आहे.

"फेडलं होतं," मी म्हटलं. "शीग लावून."

तिची गाडी लागली होती. ती गेली.