महाकानचा बाक

बँकॉक बहुतेकांच्या वाट्याला प्रवासाच्या शेवटी येतं. व्हिएतनाम-कंबोडिया करून दमलेली माणसं इथे मळके कपडे लाँड्रीत टाकतात, उरलेसुरले पैसे संपवतात आणि विमानाची वेळ होईपर्यंत सावली शोधतात. आमचंही तसंच चाललं होतं. मावशीच्या गुडघ्यांनी अंकोरच्या पायऱ्यांवरच हात टेकले होते. तरी शेवटच्या दुपारी ती सुवर्णगिरी चढली. उत्तर प्रदेशात नेपाळच्या सीमेलगत पिपरहवा इथे १८९८ साली ज्या अस्थी सापडल्या, बुद्धाच्या मानल्या गेल्या आणि ब्रिटिश सरकारने सयामच्या राजाला दिल्या, त्यांतला काही भाग या टेकडीवरच्या चैत्यात आहे. "आपल्याकडून गेलेलं कोणी परगावी असेल तर भेटून यावं," एवढंच तिचं म्हणणं.

खाली उतरून कालवा ओलांडला की महाकानचा पांढरा अष्टकोनी बुरूज लागतो. राजा पहिल्या रामाच्या काळात शहराभोवती चौदा किल्ले बांधले होते, त्यांतले दोनच उरलेत. हा त्यांतला एक. त्याच्या मागे जुनी तटबंदी, आणि तटबंदी नि कालवा यांच्या मधल्या पट्टीत हिरवळ, जुनी झाडं, बसायला जागा.

"मी टेकते गं इथे," मावशी म्हणाली.

"इथे नको. बोटीच्या धक्क्यावर बसू."

"धक्क्यावर ऊन आहे. इथे काय वाईट आहे?"

वाईट काहीच नव्हतं, हीच तर अडचण होती. २०१८च्या एप्रिलपर्यंत या पट्टीत लाकडी घरांची वस्ती होती, तीनेकशे माणसांची. काही घरं शंभर वर्षांहून जुनी. पक्ष्यांचे पिंजरे बनवणारे कारागीर इथे राहत. १९९२ साली ही जागा उद्यानासाठी संपादित करायचं ठरलं आणि पुढची पंचवीस वर्षं वस्ती भांडत राहिली. कोर्टात गेली, तिथे हरली. विद्यापीठातल्या मंडळींना हाताशी धरून तिने पर्यायी आराखडे केले: घरं राहू द्या, बाग आम्हीच सांभाळतो, हवं तर वस्तीचंच संग्रहालय करा. हार्वर्डचे मानववंशशास्त्रज्ञ मायकल हर्झफेल्ड यांनी या लढ्यावर २०१६ साली पुस्तक लिहिलं. पुस्तकानंतर दोन वर्षांत वस्ती उठली.

हे सगळं मी फाटकाशीच उभी राहून मावशीला सांगितलं. ती सगळी नोकरी एका महापालिकेच्या अतिक्रमण विभागात करून निवृत्त झालेली. ऐकून घेताना तिचा चेहरा सुनावणीला बसल्यासारखा झाला.

"म्हणजे आता प्रत्येक बागेत शिरण्याआधी सातबारा काढायचा?"

"प्रत्येक नाही. जिचा माहीत आहे, तिचा तरी."

"मग ऐक. या शहराचा राजवाडा बघितलास ना परवा? फोटो काढलेस. १७८२ साली राजा नदीच्या या तीरावर राजधानी आणायला निघाला, तेव्हा तिथे चिनी व्यापाऱ्यांची वस्ती होती. त्यांना उठवून खाली संपेंगला धाडलं. तुझ्याच पुस्तकात आहे, विमानात वाचलं मी. त्यातूनच पुढे चायना टाउन झालं. काल रात्री तिथल्या याओवारात रस्त्यावर दोन वाट्या नूडल्स खाल्ल्यास, तेव्हा नाही तुझ्या घशात काही अडकलं."

मला हा मुद्दा खरंच जड गेला. शहर उठवाउठवीतूनच वाढतं, हे नाकारून बोलण्यात अर्थ नव्हता. पण त्यात एक फरक होता आणि तो मी धरून ठेवला.

"संपेंगला त्यांना जागा मिळाली, मावशी. सगळे मिळून गेले, बाजार मांडला, म्हणून आज तिथे काहीतरी आहे. इथल्या लोकांची पांगापांग झाली. शेजार मोडला. घर दुसरीकडे मिळतं, शेजार कसा मिळेल?"

"ते खरं आहे," ती म्हणाली. हे ती इतक्या सहज मान्य करेल असं वाटलं नव्हतं. "पण दुसरी बाजूही बघ. हे शहर तव्यासारखं तापतं. आतल्या त्या बाई बघ, भाजीच्या पिशव्या घेऊन बसल्यात. तो शाळेचा पोरगा. त्यांचा या सावलीवर हक्क नाही? तीनशे माणसांची जागा आता लाखांची झाली, असं म्हणायला काय हरकत आहे?"

"हरकत त्या 'लाखां'बद्दल आहे. त्यांत तू आहेस, मी आहे. आपण उद्या जाणार. सर्वांसाठी म्हणून जागा मोकळी करतात, तेव्हा त्या सर्वांमध्ये सगळ्यात आधी आपल्यासारखे येतात, ज्यांना तासभर टेकायचंय. अंकोरला तू म्हणालीस ना, केवढी शांतता आहे, एक टपरी मध्ये येत नाही? तिथल्या हजारो कुटुंबांना २०२२पासून रुन ता एकला हलवलंय. ती शांतता आपल्यासाठीच केलेली होती."

मावशी यावर बोलली नाही. आत गेली, बाकावर बसली आणि चपला काढल्या. मी उभीच.

उभं राहिल्याने पलीकडचा महाचाय रस्ता दिसत होता. त्या रस्त्यावर जे फाय यांचं दुकान आहे. डोळ्यांना स्कीइंगचा गॉगल लावून कोळशाच्या शेगडीवर खेकड्याचं ऑम्लेट तळणाऱ्या या बाईंना २०१७च्या डिसेंबरात मिशलिनचा तारा मिळाला. बँकॉकच्या रस्त्यावरच्या खाण्याचा केवढा गौरव झाला तेव्हा! आणि त्याच वर्षीच्या एप्रिलमध्ये शहराच्या पन्नासही विभागांतल्या फुटपाथवरून खाण्याच्या गाड्या हटवायची घोषणा झाली होती. जगभर ओरड झाल्यावर खुलासा आला, की पर्यटकांच्या आवडीचे याओवारात आणि खाओ सान हे रस्ते चालू राहतील. म्हणजे कचेरीतल्या बाईने दुपारचा भात कुठे खायचा हा प्रश्न तसाच राहिला, माझी मात्र सोय झाली. जे फाय यांच्याबद्दल माझं काही म्हणणं नाही. त्यांनी कष्टाने मिळवलं, आणि त्यांचं दुकान पक्क्या इमारतीत आहे. पण एका गाडीवालीला दुकान, तारा आणि रांग मिळाली, म्हणून बाकीच्यांचं काय बिघडलं असं विचारणारे लोक मला मुंबईतही भेटतात.

"आमच्याकडे अतिक्रमण खात्याची गाडी निघायची," मावशी आपणहून म्हणाली. "गाडी आली रे, अशी आरोळी गाडीच्या आधी पोचायची. टोपल्या उचलून सगळे गल्लीत. सकाळी ज्याचा माल उचलला, त्याच्याकडूनच संध्याकाळी मी मेथी घ्यायची. तो घासाघीस करू द्यायचा नाही, एवढाच त्याचा राग. मला त्यात कधी विसंगती वाटली नाही. फुटपाथ चालणाऱ्याचा, हे मला पटलेलं होतं, आणि मेथी ताजी असायची."

"आणि २०१४चा फेरीवाल्यांचा कायदा आला तेव्हा?"

"कायदा आला. सर्वेक्षण करा, समिती नेमा, मगच हटवा. आम्ही सर्वेक्षण केलं, समितीच्या बैठका केल्या. गाडीही निघत राहिली." ती हसली. "पण तू माझं सोड. तू मघाशी म्हणालीस, यांनी संग्रहालय करू म्हणून सुचवलं होतं. समज, ते झालं असतं. तू आली असतीस?"

"आले असते."

"तिकीट काढून?"

"हो."

"पिंजरेवाल्या म्हाताऱ्याचा फोटो काढला असतास. तो रोज तुझ्यासारख्यांसमोर पिंजरे विणत बसला असता. त्याला पिंजऱ्याचा कंटाळा आला आणि त्याने मोटारसायकल टॅक्सी चालवायला घेतली, तर? त्याने राहायचं की जायचं?"

इथे माझी गाडी अडली. त्या लोकांनी जे केलं ते शहाणपणाचं होतं. राहण्याचा साधा हक्क कोणी ऐकत नाही, वारसा म्हटलं की परदेशी प्राध्यापकसुद्धा येतात, हे त्यांनी ओळखलं होतं. पण त्या युक्तिवादाची किंमत अशी, की राहायचं असेल तर सतत बघण्याजोगं असावं लागतं. घर जुनं हवं, लाकडी हवं, हातात एखादी कला हवी. नुसता राहतो, कामाला जातो, रात्री येऊन झोपतो, अशा माणसासाठी त्यात ओळ नव्हती. मघापासून मीदेखील मावशीला पिंजऱ्यांचंच सांगत होते. वस्तीत पिंजरे न बनवणारीच माणसं जास्त असणार, ती माझ्या बोलण्यात एकदाही आली नव्हती.

"म्हणजे हटवलं तेच बरं झालं, असं म्हणायचंय तुला?"

"मी कुठे म्हटलं? तू ज्या कारणासाठी त्यांची बाजू घेतेस, ते कारण लंगडं आहे, एवढंच. बाजू बरोबर असू शकते."

"मग बरोबर कारण कोणतं?"

"ते तू सांगायचंस, तुम्ही शिकलेली माणसं." तिने बाकावरची पिशवी मांडीवर घेतली. "आणि आता बस की. उभी राहून तू कोणाची जागा राखतेयस?"

मी बसले. पटलं म्हणून नाही, सुवर्णगिरीच्या पायऱ्या माझ्याही पायांत उतरल्या होत्या म्हणून. शेजारच्या बाईंनी पिशव्या जरा सरकवून घेतल्या. बसल्यावर मात्र मी तोच प्रश्न मावशीला परत केला. "सांग ना, पिंजरे न बनवणाऱ्याला काय उत्तर द्यायचं?"

"आमच्या खात्यात ते उत्तर नव्हतं," मावशी म्हणाली. "म्हणून तर गाडी पाठवायचो."