जे कोणाचेच नाही, ते कोणाचे?



आपल्या घराच्या दारात कोणी कचऱ्याची पिशवी टाकून गेला, तर आपण लगेच विचारतो, "हे कोणी केले?" शेजाऱ्याच्या अंगणात आपल्या मुलाने काही टाकले, तर आपण त्याला रागावतो आणि शेजाऱ्याची क्षमा मागतो. मात्र खाडीच्या काठी, माळावर, नाल्यात ढीग पडलेला दिसला की आपण मान वळवून पुढे जातो. ती जागा ना आपली, ना शेजाऱ्याची. ती कोणाचीच नाही, असे आपण मनाशी ठरवून टाकलेले असते. जे कोणाचेच नाही त्याविषयी माणूस अल्लाहपुढे उत्तरदायी आहे की नाही, या प्रश्नावर आज आपणाशी बोलावयाचे आहे. हा प्रश्न मला एखाद्या ग्रंथातून सुचला नाही. माझ्या आठ वर्षांच्या मुलीबरोबर केलेल्या एका फेरीत तो माझ्यासमोर उभा राहिला.

आम्ही शिरवण्यात राहतो. एका बाजूला रेल्वे, दुसऱ्या बाजूला सायन-पनवेल महामार्ग आणि त्यापलीकडे औद्योगिक वसाहतीचे कारखाने. यांच्या मधोमध आगरी बांधवांच्या या जुन्या गावाच्या अरुंद गल्ल्या अजूनही टिकून आहेत. समुद्राची खाडी येथून फार लांब नाही, पण वर्षानुवर्षे तिचे तोंडही न पाहता आपण जगू शकतो. हिवाळ्यातील एका रविवारी फजरच्या नमाजनंतर मी मुलीला घेऊन नेरूळला पामबीच मार्गालगतच्या तलावाकाठी गेलो. 'ज्वेल ऑफ नवी मुंबई' या नावाने ती जागा सर्वांना ठाऊक आहे. पाण्याभोवती चालण्याची वाट, झाडी, सकाळी फिरणारी माणसे आणि मार्गापलीकडे खाडीपर्यंत पसरलेले कांदळवन. वाढत्या शहराच्या कुशीत, समुद्राच्या पाण्यात उभे असलेले हे अरण्य आहे.

मुलीने विचारले, "अब्बा, हा तलाव कोणी खणला?" मला ठाऊक होते तेवढे मी सांगितले. नवी मुंबई वसविण्यासाठी 1970 मध्ये सिडकोची स्थापना झाली. शहराचा पुष्कळ भाग खाजण आणि मिठागरांच्या सखल जमिनीवर उभा राहिला. भरतीच्या पाण्याची पातळी कित्येक ठिकाणी या जमिनीहून उंच असते. म्हणून हॉलंड देशातील पद्धतीच्या आधाराने खाडीकाठी धारण तलाव बांधण्यात आले. भरती आली की बाहेरच्या पाण्याच्या दाबाने झडपा मिटतात आणि शहरातले पावसाचे पाणी तलावात साठून राहते. ओहोटी लागली की झडपा उघडतात आणि ते पाणी समुद्रात निघून जाते. मुसळधार पाऊस आणि मोठी भरती एकाच वेळी आली, तरी आपली घरे कोरडी राहावीत यासाठी ही योजना आहे.

बाहेरच्या बाजूला दुसरी भिंत अल्लाहने उभी केलेली आहे. तिवराचे झाड खाऱ्या चिखलात वाढते आणि अंगात शिरलेले मीठ पानांवाटे बाहेर टाकते. त्या पानावर बोट फिरवून जिभेला लावले की खारट चव लागते. मुलीने ती चव घेतली आणि ती हसली. त्या चिखलात मुळांना हवा मिळत नाही, म्हणून झाडाखाली पेन्सिलीएवढी मुळे जमिनीतून वर डोके काढून उभी असतात. झाड त्यांच्याद्वारे श्वास घेते. त्यांच्यामध्ये निवट्या उड्या मारतात, चिंबोऱ्या बिळे करतात, माशांची पिल्ले वाढतात. सारसोळे आणि करावे येथील कोळी बांधवांची रोजी त्यावर अवलंबून आहे. थंडीत गुलाबी रोहित पक्षी याच खाडीत उतरतात. ऐरोली आणि वाशीच्या पुलांमधील खाडीला 2015 मध्ये या पक्ष्यांचे अभयारण्य म्हणून घोषित करण्यात आले आणि 2022 मध्ये तिला रामसर स्थळाचा आंतरराष्ट्रीय दर्जा लाभला. कांदळवनातील पांढरी चिप्पी तर 2020 पासून महाराष्ट्राचे राज्य कांदळवन वृक्ष आहे.

दिव्य कुरआनने सूरह अनआममध्ये शिकविले आहे की, जमिनीवर चालणारे प्राणी आणि पंखांनी उडणारे पक्षी हेसुद्धा तुमच्यासारखेच समुदाय आहेत. सूरह बनी इस्राईलमध्ये सांगितले आहे की, प्रत्येक वस्तू आपल्या पालनकर्त्याचे गुणगान करते, परंतु ते तुम्हाला समजत नाही. त्या सकाळी मला हे सारे आठवत होते आणि हृदय कृतज्ञतेने भरून आले होते. येथेच हा लेख थांबला असता तर तो लिहिणे मला सोपे गेले असते.

परंतु परतताना आम्ही खाडीच्या बाजूने थोडे पुढे गेलो. एका ठिकाणी कांदळवनाच्या कडेला बांधकामाच्या राड्यारोड्याचा ढीग पडला होता. विटांचे तुकडे, सिमेंटचे गोळे, फुटलेल्या लाद्या. त्याखाली ती श्वास घेणारी मुळे गाडली गेली होती आणि वरची झाडे उभ्याउभ्या वाळली होती. मुलीने विचारले, "अब्बा, हे कोणी केले?"

वाचकहो, मी उत्तर देऊ शकलो नाही. दोन वर्षांपूर्वी मी आमच्या घराची दुरुस्ती केली होती. स्वयंपाकघर आणि मोरी फोडून नव्या लाद्या बसविल्या. जुना राडारोडा उचलण्यासाठी एका टेम्पोवाल्याने इतरांपेक्षा पुष्कळ कमी पैसे मागितले. मी खूश झालो. हा माल कोठे टाकणार, असे मी त्याला विचारले नाही. खरे सांगायचे तर विचारायचे नव्हते म्हणून विचारले नाही. विचारले असते तर उत्तर ऐकावे लागले असते आणि उत्तर ऐकल्यावर स्वस्त दर घेता आला नसता. त्या ढिगातल्या लाद्या माझ्या होत्या असे मी म्हणू शकत नाही. त्या माझ्या नव्हत्या असेही मी शपथेवर सांगू शकत नाही.

येथे आपले मन लगेच वकिली करू लागते. "मी टाकले नाही, टेम्पोवाल्याने टाकले." पण त्याला ते माझ्या घरून कोणी दिले? 2016 च्या बांधकाम व पाडकाम कचऱ्याच्या नियमांनीही ही जबाबदारी मुळात कचरा निर्माण करणाऱ्यावरच ठेवली होती. कायद्याच्या आधी श्रद्धेचा विचार करा. आदरणीय पैगंबर मुहम्मद (स.) यांनी जे शिकविले ते हजरत नोमान बिन बशीर (र.) यांच्या कथनाने बुखारी व मुस्लिम यांच्या संग्रहांत आले आहे. हलाल स्पष्ट आहे, हराम स्पष्ट आहे आणि या दोहोंमध्ये संशयास्पद गोष्टी आहेत. त्यांपासून जो दूर राहिला त्याने आपला धर्म आणि आपली अब्रू वाचविली. मग पैगंबरांनी उदाहरण दिले ते एका गुराख्याचे, जो राखीव कुरणाच्या अगदी कडेला गुरे चारतो आणि ती केव्हा आत शिरतील याचा नेम नसतो. या राखीव कुरणासाठी हदीसमध्ये शब्द आहे 'हिमा'.

मुंबई उच्च न्यायालयाने 2018 मध्ये निकाल देताना कांदळवनांचा नाश हा नागरिकांच्या जगण्याच्या हक्कावरचा आघात ठरविला आणि त्यांच्या भोवतीचा 50 मीटरचा पट्टाही संरक्षित मानला. झाडाला हात लावू नका एवढेच सांगून भागत नाही, त्याच्या कडेलाही जाऊ नका असे सांगावे लागते. त्या गुराख्याचे उदाहरण हेच शिकविते. जाणूनबुजून न विचारणे म्हणजे कुरणाच्या कडेला गुरे सोडून डोळे मिटून घेणे होय.

"पण एका टेम्पोने काय होणार? एवढी मोठी खाडी आहे," असे दुसरे समर्थन केले जाते. याचेही उत्तर हजरत नोमान बिन बशीर (र.) यांच्याच दुसऱ्या एका कथनात आहे. एका जहाजात काही लोक वरच्या मजल्यावर बसले, काही खालच्या. खालच्यांना पाण्यासाठी वर जावे लागे. त्यांना वाटले, आपण आपल्याच वाट्याच्या जागेत भोक पाडावे, म्हणजे वरच्यांना त्रास होणार नाही. वरच्यांनी त्यांना तसे करू दिले तर सर्व बुडतील, त्यांचे हात धरले तर सर्व वाचतील. भोक पाडणाऱ्यांचा हेतू वाईट नव्हता आणि भोकही लहानच होते. समुद्राला मात्र हेतूशी कर्तव्य नसते. 26 जुलै 2005 रोजी सांताक्रूझला एका दिवसात 944 मिलिमीटर पाऊस पडला, तेव्हा पाण्याच्या वाटा बुजविल्याची किंमत त्या बुजविणाऱ्यांनीच चुकविली नाही, सखल वस्तीतल्या गरिबांनीही चुकविली.

तिसरे समर्थन अधिक प्रबळ वाटते. "मोठमोठ्या प्रकल्पांसाठी परवानगी घेऊन कांदळवने तोडली जातात. आम्हा लहान माणसांनाच उपदेश कशाला?" ही तक्रार पूर्णपणे खोटी नाही, आणि सार्वजनिक निर्णयांविषयी सनदशीर मार्गाने आवाज उठविणे हेही वाईटापासून रोखण्याच्या कर्तव्यातच येते. परंतु दुसऱ्याचे मोठे पाप माझ्या लहान पापाचे प्रमाणपत्र होत नाही. कोणीही ओझे वाहणारा दुसऱ्याचे ओझे वाहणार नाही, हा कुरआनचा नियम आहे. कयामतच्या दिवशी मला माझ्या टेम्पोविषयी विचारले जाईल.

मग मूळ प्रश्नाकडे येऊ या. खाडी कोणाची? आपल्या धर्माचे उत्तर असे की 'कोणाचेच नाही' अशी वस्तूच अस्तित्वात नाही. आकाश व पृथ्वीतील सर्व काही अल्लाहचे आहे आणि माणूस तिचा विश्वस्त आहे. पाण्यात आणि कुरणात सर्व लोक भागीदार आहेत, अशी पैगंबरांची (स.) शिकवण आहे. म्हणजे मी ज्याला बेवारस समजलो, ते वास्तविक सर्वांच्या मालकीचे होते. जाळे टाकणाऱ्या कोळ्याचे, त्या पक्ष्यांचे आणि अद्याप जन्मालाही न आलेल्या मुलांचे. हजरत उमर (र.) यांनी राखीव कुरणावर रखवालदार नेमताना त्याला बजावले होते की, थोडी मेंढरे, थोडे उंट असलेल्या गरिबाला आत येऊ दे आणि पीडिताच्या शापाला भी. श्रीमंतांना फिरायला जागा मिळावी एवढाच राखण्याचा हेतू नसतो, दुर्बळाचा घास सुरक्षित राहावा हाही असतो.

येथेच तौबाचा प्रश्न कठीण होतो. पापाचा त्याग, पश्चात्ताप आणि पुन्हा न करण्याचा निर्धार या तौबाच्या अटी आपणास ठाऊक आहेत. मात्र पापात माणसाचा हक्क बुडाला असेल तर चौथी अट येते, ती म्हणजे हक्कदाराला त्याचा हक्क परत करणे. एखाद्याचे शंभर रुपये घेतले तर ते परत देता येतात. ज्याने हजारो अनोळखी लोकांच्या सामाईक वाट्यावर दगड-माती टाकली त्याने कोणाच्या दारी जावे? मूळ मालक सापडत नसेल तेव्हा त्याच्या वतीने ती रक्कम सदका करावी, असे धर्मशास्त्रज्ञ सांगतात. यातून मला एवढे उमगले की सर्वांचे बुडविलेले सर्वांनाच परत करावे लागते, आणि ते शब्दांनी होत नाही. स्वस्त टेम्पोत वाचलेले पैसे मी बाजूला काढले आणि सदका म्हणून दिले. खाडीकाठच्या स्वच्छतेला जमेल तेव्हा जातो. जे गाडले गेले ते यामुळे परत येणार नाही, हे मी जाणतो. तौबा स्वीकारणे अल्लाहच्या हाती आहे.

आपणास माझी विनंती छोटी आहे. मुलाबाळांना घेऊन खाडीकाठी जा. त्यांना तिवराचे पान चाखू द्या, पक्षी दाखवा. वाटेतील त्रासदायक वस्तू दूर करणे ही ईमानची शाखा आहे, हे त्यांना हाताने शिकवा. आणि घराचे काम काढाल तेव्हा दर विचारण्यापूर्वी हा प्रश्न अवश्य विचारा, "भाऊ, हा माल तुम्ही कोठे टाकणार?" दोन पैसे अधिक गेले तरी चालतील.

त्या दिवशी मुलीला मी घरी आल्यावर उत्तर दिले. "कदाचित तुझ्या अब्बाने," असे सांगितले. ती थोडा वेळ गप्प राहिली, मग म्हणाली, "मग आपण उचलू या." अल्लाह आपणा सर्वांना अमानत ओळखण्याची आणि ती जपण्याची सद्बुद्धी देवो. आमीन.