भार आल्यावर

बुश मुठीत मावतो. बाहेर लोखंडी नळी, आत तिच्याहून बारीक नळी, आणि दोघींच्या मध्ये रबर. जीपच्या पाट्याचं टोक गोल वळवलेलं असतं, त्या भोकात तो बसतो आणि दिसेनासा होतो. गाडी घेताना कुणी त्याची चौकशी करत नाही. तो झिजला की मात्र गाडी बोलू लागते. पांदणीतून जाताना मागून कटकट ऐकू येते. चांगल्या रस्त्यावरही गाडी जरा एका अंगाला ओढते.

रिद्धपूरच्या आसपास तो लवकर झिजतो. दोष रस्त्याला द्यावा, तर रस्ताही मातीचाच. आमची काळी माती पावसाळ्यात पाणी पिऊन फुगते आणि उन्हाळ्यात हात जाईल एवढी भेगाळते. संत्र्याच्या बागांकडे जाणारी पांदण त्यामुळे कधी एका पातळीत राहत नाही. चिखलात पडलेली चाकोरी दिवाळीपर्यंत वाळून टणक होते. आंबिया बहाराचे क्रेट भरलेली जीप तिच्यावरूनच डुलत गावात येते. प्रत्येक हेलकावा पाट्यांतून त्या मुठीएवढ्या रबरापर्यंत पोचतो आणि तिथे बराचसा विरतो.

गोविंदप्रभूंच्या या गावाला महानुभाव पंथाचे साधक पायी येत. चक्रधरस्वामींनी त्यांना अटन सांगितलं होतं. एका जागी रुतून बसायचं नाही, हिंडत राहायचं. चालणाऱ्याला उंचसखल जमीन फार छळत नाही, कारण गुडघ्यात दोन हाडांच्या मध्ये कूर्चेची गादी असते. माणूस तिच्या भरवशावर जन्मभर चालतो आणि ती झिजेपर्यंत तिची आठवणही काढत नाही. गाडीला ही गादी आपण द्यावी लागते.

१९४० च्या दशकाच्या अखेरीस मुंबईत विलीज जीपची जुळणी सुरू झाली. त्या जुन्या जीपच्या शॅकलला, म्हणजे पाट्याचं टोक चॅसीला जोडणाऱ्या दुव्याला, आट्यांचे लोखंडी बुश असत. लोखंड लोखंडावर फिरायचं, म्हणून त्याला ग्रीस लागायचं. रबर आलं आणि रीत पालटली. इथे काहीच घासत नाही. पाटा वाकला की त्याचं टोक थोडं फिरतं. रबर स्वतः पिळलं जाऊन तेवढी वाट देतं आणि पुन्हा जागेवर येतं. त्याला ग्रीस लागू द्यायचं नाही, तेलाने ते फुगतं. कच्च्या रबराला हे काम झेपलं नसतं. ते उन्हात चिकट होतं, थंडीत ताठरतं. गंधक मिसळून तापवलेलं रबर दोन्हीत टिकतं, हे १८३९ मध्ये चार्ल्स गुडइयरच्या हाती लागलं. लवायचं आणि परत यायचं, एवढाच त्याचा गुण. तो गुण केवढा मोठा आहे!

घरी बुश बदलताना खरा वेळ जुना काढण्यात जातो. गंजून भोकाला धरलेली बाहेरची नळी हॅक्सॉच्या पात्याने आतून चिरायची, पाट्याला ओरखडा न उठवता. नवा बुश व्हाइसमध्ये हळूहळू दाबला की सरळ जातो. पाटे लागतात, बोल्ट जातात, नट हाताने फिरवून टेकवले जातात. जीप अजून ओंडक्यांवर असते. खाली भरपूर जागा, पाना पूर्ण फिरतो. आता आवळून मोकळं व्हावं असं कुणालाही वाटेल. तेव्हा मिस्त्री म्हणतात, "आत्ताच नोको आवयू. खाली उतरू दे तिले. तिचं वजन येऊ दे, मंग आवय."

नट आवळला की आतली नळी शॅकलच्या पट्ट्यांत जशी असेल तशी पकडली जाते. रबर तीच आपली सरळ स्थिती धरून बसतं. अधांतरी गाडीचे पाटे खाली लोंबलेले असतात. तेव्हा आवळलं, तर चाकं जमिनीला टेकताच पाटा आपला आकार घेतो आणि रबर पिळलेलंच राहतं. गाडी दारात नुसती उभी असली तरी पिळलेलं. वाटेला लागण्याआधीच ते दमलेलं असतं. लवकर फाटतं, आणि आपण म्हणतो, माल हलका निघाला.

मिस्त्रींचं बोलणं मनात राहतं. लग्नाआधी ठरवून टाकलेला संसार, म्हातारपण येण्याआधी ठरवून टाकलेली शांतता. आपण पुष्कळ गोष्टी सोयीच्या वेळी आवळतो, आणि सोयीची वेळ बहुधा भार नसतानाची असते. मिस्त्री सैल ठेवा म्हणत नाहीत. सैल ते वाजतं, ताठ ते तडकतं. नट शेवटी पुरता आवळायचाच आहे. त्याआधी वजन यायला हवं, इतकंच त्यांचं म्हणणं.

जीप खाली उतरते. तिला हाताने चार वेळा पुढेमागे ढकलायचं, म्हणजे पाटे जागा घेतात. मग जमिनीला पाठ लावून आत सरकायचं. आता जागा कमी, पाना जेमतेम पाव फेरा फिरतो, पुन्हा काढून लावावा लागतो. काम हळू होतं, पण नीट होतं. भरलेल्या गाडीने बागेच्या काही फेऱ्या झाल्या की सगळे नट एकदा तपासायचे. नवे बुश तोवर बसलेले असतात, आणि कुठल्या नटाला अजून थोडा आटा घ्यायचा ते हाताला कळतं.